गंडवणं, फसवणं, टोपी घालणं: गोव्यातल्या मराठीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापशात अर्ज, प्रतिज्ञापत्रं, तक्रारी लिहून देणं हा माझा धंदा. समोरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं पहिलं वाक्य पुष्कळदा ठरलेलं असतं: "गंडवलं हो मला." मग प्रश्न सुरू होतात. हे लिहायचं कसं, याला गुन्हा म्हणतात का, पेपरात 'गंडा' छापतात तो हाच का, कोकणीत 'फटयलो' म्हटलं तर चालतं का. सारखे सारखे येणारे प्रश्न इथे एका जागी मांडले आहेत. कायद्याचा सल्ला वकिलाकडूनच घ्या. शब्दांपुरतं मात्र मी सांगू शकतो.

'गंडवणे' म्हणजे नेमकं काय?

खोटं सांगून किंवा खरं लपवून दुसऱ्याला असं काही करायला लावणं, की ज्यात त्याचं नुकसान आणि आपला फायदा. यातलं 'करायला लावणं' महत्त्वाचं. चोर तुमच्या खिशात हात घालतो. गंडवणाऱ्यासाठी तुम्ही स्वतःच खिशात हात घालता, नोटा मोजून देता आणि वर "चहा तरी घेऊन जा" म्हणता. हे एवढं पक्कं धरलं की खालच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

एप्रिलअखेर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मानकुराद घेताना बघा. टोपलीत वरच्या थरात टप्पोरे, देठासकट ठेवलेले आंबे. खाली पेंढा. पेंढ्याखाली काय आहे ते घरी गेल्यावर कळतं: बारके, काही डागी, दोन-चार तर मानकुरादच नव्हेत. आता तुम्ही न बघता उचलली आणि विकणारी काही बोललीच नाही, तर तुमची पारख कमी पडली, एवढंच. पण तुम्ही पेंढा उचलायला हात घातलात आणि ती म्हणाली, "कशाला विस्कटता बाय, सगळे एकाच झाडाचे," आणि त्या शब्दावर तुम्ही पैसे दिलेत, तर ते गंडवणं झालं. आंबे तेच, टोपलीही तीच. मधे एक वाक्य आलं आणि त्या वाक्यावर व्यवहार झाला.

गंडणे, गंडवणे, गंडा: हे सगळं एकच का?

एकाच घरातले, पण कामं वेगळी.

'गंडवणे' दुसऱ्याला. 'गंडणे' स्वतः. आणि गंडायला दुसरा माणूस लागतोच असं नाही. "गणिताचा पेपर गंडला", "रस्ता गंडला", "सगळा हिशेबच गंडलाय" यात कोणी फसवणारा नाही, फक्त बिनसलंय. म्हणून "मी गंडलो" एवढंच म्हटलं तर ऐकणारा विचारणार, कोणी गंडवलं की आपलं आपणच?

'गंडा' हे नाम पेपरवाल्यांचं लाडकं. मथळ्याला आखूड शब्द लागतो आणि 'फसवणूक' पाच अक्षरं खाते. म्हणून "निवृत्त शिक्षकाला लाखोंचा गंडा". बोलताना मात्र 'गंडा घातला' असं कमी लोक म्हणतात, 'गंडवलं' जास्त. मनगटाला किंवा दंडाला बांधतात तो मंतरलेला दोराही गंडाच, त्याच्याशी गल्लत करू नका. तो 'बांधतात', हा 'घालतात'.

रक्कम सांगताना कोणता प्रत्यय लावायचा?

शब्दागणिक बदलतो आणि इथे बरेच जण अडखळतात. पाच लाखांना गंडवलं. पाच लाखांचा गंडा घातला. पाच लाखांची फसवणूक केली. पाच लाखांना लुबाडलं. दहा हजारांची टोपी घातली, दहा हजारांचा चुना लावला. 'पाच लाखांनी गंडवलं' असं लिहिलंत तर पाच लाख माणसांनी मिळून गंडवलं असा अर्थ निघेल.

आम्ही गोव्यातले लोक "त्याने मला फसवलो" म्हणतो. ते चूक आहे का?

कोकणीत बरोबर, मराठीत नाही. कोकणीत "ताणें म्हाका फटयलो" असं पुरुष म्हणतो आणि बाई म्हणते "म्हाका फटयली". क्रियापद फसलेल्या माणसाचं लिंग बघतं. मराठीत कर्माला 'ला' लागला की क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात थिजतं: "त्याने मला फसवलं", बोलणारा पुरुष असो की बाई. घरी कोकणी आणि शाळेत मराठी असा दुहेरी संसार करणाऱ्या आपल्या तोंडून "मला फसवलो" सहज निसटतं. बोलण्यात निसटू द्या, अर्थ कळतोच. लिहिताना 'फसवलं' करा.

'फट' आणि 'फटवणे' मराठीत चालतात का?

गोव्याबाहेर 'फट' म्हणजे दाराची किंवा खिडकीची. पुण्याच्या माणसाला "तो फटी मारतो" म्हटलंत तर तो भिंतीकडे बघेल. आपल्याकडे फट म्हणजे खोटं, फटकिरो म्हणजे खोटं बोलणारा, फटोवप म्हणजे फसवणं, आणि कोकणी पेपरात 'फटवणूक' सरळ बातमीच्या मथळ्यात येते. गोव्यातल्या मराठी माणसाने आपल्या माणसांशी बोलताना हे शब्द वापरले तर मला त्यात काही वावगं वाटत नाही, उलट त्यांची चव वेगळी आहे. 'फसवलं' म्हणताना फसलेल्याकडे लक्ष जातं. 'फटयलो' म्हटलं की आधी खोटेपणा दिसतो, कारण शब्दाच्या पोटातच खोटं आहे. अर्ज सिंधुदुर्गात किंवा मुंबईत जाणार असेल तर मात्र 'फसवणूक' लिहा.

टोपी, शेंडी, चुना: फसवण्याचे वाक्प्रचार सगळे असे अंगावर घालण्या-लावण्याचे का?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. टोपी घालतात, शेंडी लावतात, चुना लावतात, गंडा घालतात, तोंडाला पानं पुसतात. प्रत्येक ठिकाणी काहीतरी तुमच्या अंगावर चढवलं जातं, आणि तेही बहुधा अशा जागी की तुम्हाला ते स्वतःला दिसत नाही. डोक्यावरची टोपी इतरांना दिसते. शेंडी तर मागे. भाषेनेच सांगून ठेवलंय की फसलेल्या माणसाला सगळ्यात शेवटी कळतं, आणि तो आरशात बघेपर्यंत बाजारातल्या सगळ्यांनी बघितलेलं असतं.

टोपी घालणे हे पोर्तुगीज टोपीवाल्यांवरून आलं, असा एक तर्क आपल्याकडे कोणी ना कोणी लढवतोच. जुन्या मराठीत युरोपियनांना 'टोपीकर' म्हणत हे खरं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच) या टोपीकरांना इतर सावकारांसारखे समजू नका, असा इशाराही आहे. पण तेवढ्यावरून वाक्प्रचाराची वंशावळ जुळत नाही. टोपीकर टोपी स्वतःच्या डोक्यावर घालत, दुसऱ्याच्या नव्हे.

छटाही सारख्या नाहीत. टोपी आणि शेंडी किरकोळ रकमेला, हसत सांगण्याजोग्या फसवणुकीला. चुना लावताना जरा मोठं नुकसान. तोंडाला पानं पुसणं म्हणजे कबूल केलेलं न देणं. यात पैसा गेलाच पाहिजे असं नाही, आशा गेली तरी पुरे. कोपराला गूळ लावणं त्याच जातीचं: दिसतो, जवळही आहे, पण जीभ पोचत नाही. केसाने गळा कापणं हे फक्त जवळच्या, विश्वासातल्या माणसाने केलं तरच म्हणायचं. अनोळखी एजंटाने गंडवलं तर त्याला केसाने गळा कापला म्हणू नका; त्याच्या हाती तुमचा केस आला कुठून?

'हातावर तुरी देणे' म्हणजेही फसवणंच ना?

नाही. ते निसटणं. पहाऱ्यावर असलेल्याच्या डोळ्यांदेखत पळून जाणं. गोव्यातल्या लोकांना याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. १९८६ च्या मार्चमध्ये कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराजने तिहार तुरुंगातल्या रक्षकांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई चारली आणि बाहेर पडला. मिठाई खायला लावली हे फसवणं. फाटकातून बाहेर गेला, ती हातावर दिलेली तुरी. पुढच्या महिन्यात, एप्रिलमध्ये, मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी त्याला पर्वरीच्या ओ कोकेरो रेस्टॉरंटमध्ये पकडलं. तिथे तुरी चालल्या नाहीत.

'चारशेवीस' हा शब्द कुठून आला? अजून चालतो का?

१८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ४२० वरून. फसवून मालमत्ता द्यायला लावणं हा त्यातला गुन्हा, सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. इतर कलमांना जनतेने असा मान दिला नाही. ३०२ सोडलं तर दुसरं कुठलं कलम माणसाचं विशेषण झालं? "तो मोठा चारशेवीस आहे." हिंदीकडून आलेलं 'चारसोबीस' तर आपण मराठीत तसंच्या तसं बोलतो.

गोव्यात हा आकडा उशिरा आला. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीजांचं राज्य होतं, दंडसंहिता त्यांची १८८६ ची, आणि तिच्यात या गुन्ह्याचं नाव 'बुर्ला'. भारतीय दंडसंहिता मुक्तीनंतर साठच्या दशकात लागू झाली.

आता ती दंडसंहिताही गेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. फसवणूक तिच्या कलम ३१८ मध्ये आहे आणि जुन्या ४२० चा मजकूर ३१८ च्या चौथ्या उपकलमात. शिक्षा तीच, सात वर्षांपर्यंत. नव्या संहितेत एकूण कलमंच ३५८, त्यामुळे ४२० नंबरचं कलमच नाही. "तो मोठा तीनशेअठरा आहे" असं मात्र अजून कोणी म्हणताना ऐकलं नाही, आणि म्हणतील असंही वाटत नाही. बोलण्यात चारशेवीसच राहणार.

अर्जापुरतं एक: घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनंच कलम लागतं. तसंही कलम कोणतं हे पोलीस ठरवतात, तुम्ही घटना सांगा.

उसने दिलेले पैसे परत करत नाही. त्याने मला गंडवलं ना?

थांबा. पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता का? इथेच सगळं अडतं.

मराठीत यासाठी दुसरं क्रियापद आहे: बुडवणे. उधारी बुडवली, भाडं बुडवलं, पगार बुडवला. बुडवणारा सुरुवातीला खरा असू शकतो. धंदा बसला, आजारपण आलं, मग तोंड चुकवायला लागला. गंडवणारा पहिल्या दिवसापासून खोटा असतो. कायदाही हाच फरक करतो. दिलेला शब्द पुढे पाळला नाही, एवढ्याने फसवणुकीचा गुन्हा होत नाही, सुरुवातीपासून अप्रामाणिक हेतू होता हे दिसावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलं आहे. नुसती उधारी असेल तर वाट दिवाणी न्यायालयाची. चेक परत आला असेल तर आणखी वेगळी.

लोकांना हे आवडत नाही. माझ्यासमोर बसून वाद घालतात, "माझे पैसे गेले ना, मग गंडवलंच." पैसे गेले हे खरंच आहे. पण अर्जात "त्याने घेतेवेळी काय खोटं सांगितलं?" या रकान्यात लिहायला काही नसेल, तर तो अर्ज पोलीस स्टेशनच्या टेबलावर पडून राहील.

विश्वासघात, अपहार, लुबाडणं, काटा मारणं: यांत फरक काय?

विश्वासघातात वस्तू तुम्ही रीतसर, खरं ऐकून, राखायला दिलेली असते, आणि मग तो ती गिळतो. सोसायटीच्या खजिनदाराने वर्गणी वापरली तर तो अपहार. त्याने तुम्हाला काही खोटं सांगून पैसे घेतले नव्हते. लुबाडण्यात फसवणूक असेल किंवा नसेल: बागा-कळंगुटला पर्यटकाकडून दुप्पट भाडं आधी सांगून घेतलं तर ते लुबाडणं, 'गिऱ्हाईक कापणं', पण भाडं आधी सांगितलंय, म्हणजे गंडवणं नव्हे. काटा मारणं वजनातलं. 'मापात पाप' म्हणतात ते हेच, आणि त्याची तक्रार वजनमाप खात्याकडे करता येते.

'तोतया' कधी म्हणायचं?

दुसऱ्याचं नाव, हुद्दा किंवा रूप घेऊन आला तरच. तोतया पोलीस, तोतया डॉक्टर, तोतया बँक अधिकारी. हा शब्द मराठीच्या इतिहासात मुरलेला आहे: पानिपतावर १७६१ मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंचं नाव घेऊन एक जण पुढे आला, बरेच सरदार त्याला भाऊ समजून बसले, आणि अखेर १७७६ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. गंमत म्हणजे त्याच लढाईत विश्वासरावही पडले, म्हणून "विश्वास ठेव" म्हटलं की मराठी माणूस "विश्वास पानिपतात गेला" म्हणून हात झटकतो. फसवणुकीचे दोन शब्दप्रयोग एकाच रणांगणाशी जोडलेले.

कायद्यात तोतयेगिरी करून फसवणं हे वेगळं कलम आहे, न्याय संहितेचं ३१९. हल्ली व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे" सांगणारे येतात, ते सगळे तोतयेच. डिजिटल अटक अशी गोष्ट आपल्या कायद्यात मुळातच नाही.

'भामटा' आणि 'ठग' सर्रास वापरावेत का?

माझं मत: भामटा टाळा. पेपरात रोज छापतात, तरीही. हे एका समाजाचं नाव आहे. इंग्रजांनी १८७१ पासून गुन्हेगार जमाती कायद्याखाली अख्ख्या जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांत भामटा समाजही होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात राजपूत भामटा विमुक्त जातींच्या यादीत आहेत, त्यांची मुलं शाळेत जातात आणि हजेरीपटावरचं आपलं नाव सकाळच्या पेपरात शिवीसारखं वाचतात. 'भामट्याने गंडवलं' ऐवजी 'लबाडाने गंडवलं' लिहून काही बिघडत नाही. लबाड, लुच्चा, ठक, फसव्या, बनेल. मराठीत तुटवडा नाही.

ठग तसा जुना, संस्कृत 'स्थग' म्हणजे झाकणं, लपवणं, त्याच्याशी नातं असलेला. ठक त्याचाच भाऊ आणि 'ठकास महाठक' तर म्हणीत बसलेला. तो चालेल. 'ठकसेन' ही पेपरवाल्यांची करामत, ऐकायला एखाद्या राजाचं नाव वाटतं. फसवणाऱ्याला एवढा मान कशाला?

वडीलधाऱ्या माणसाबद्दल "त्यांना गंडवलं" म्हणू का?

नको. गंडवणे या शब्दात फसलेल्याबद्दल थोडं हसू आहे. मित्र मित्राला म्हणतो, "गंडलास ना!" आजोबांची पेन्शन गेली असेल तर "आजोबांची फसवणूक झाली" म्हणा. तिथे हसू नको.

सरकारी नोकरी लावतो म्हणून पैसे घेतले. नोकरी नाही, पैसे नाहीत. काय लिहू?

२०२४ च्या शेवटी गोव्यात अशी प्रकरणं एकामागोमाग एक बाहेर आली, अटका झाल्या, आणि त्यानंतर हा प्रश्न वाढला. गोष्ट साधारण सारखीच असते. कोणीतरी ओळखीचंच, पुष्कळदा नात्यातलं. "माझी वरपर्यंत ओळख आहे." आधी थोडे, मग 'फाइल पुढे गेली' म्हणून आणखी, मग दागिने गहाण. पावती कशाचीच नाही, कारण अशा कामाची पावती मागायची नसते हे दोघांनाही माहीत असतं.

गरजवंताला अक्कल नसते ही म्हण इथे लोक फसलेल्याच्या तोंडावर फेकतात. मला ती पटत नाही. अक्कल असते, दुसरी वाट दिसत नाही. घरात पदवीधर पोर बसलंय, वय निघून चाललंय. लबाडाघरचं आवतण जेवल्याशिवाय खरं मानू नये, हे त्यालाही ठाऊक असतं, तरी तो ताट मांडून बसतो.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो आणि त्यावर लोक गप्प होतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली आणि लाच देणं हाही गुन्हा ठरला. म्हणून असा अर्ज माझ्याकडून लिहून घेण्याआधी वकिलाला भेटा. तुमच्या अर्जातलं एखादं वाक्य तुमच्यावरच उलटू शकतं. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवणाऱ्याला कायद्यात सूट आहे, पण 'जबरदस्ती' म्हणजे काय ते वकीलच सांगेल.

आमची जमीन दुसऱ्यानेच विकली. हीही फसवणूकच?

फसवणूक आहे, आणि तिच्याबरोबर बहुधा बनावट दस्तऐवजाचा गुन्हाही. गोव्यातला हा खास आजार. घरचे पोर्तुगालला किंवा इंग्लंडला, भाटाला (बागायतीला) कुंपण नाही, वारस चार देशांत पांगलेले, आणि जुनी कागदपत्रं पोर्तुगीजमध्ये, म्हणजे घरातल्या तरुणांना वाचता न येणारी. मग कोणीतरी जुन्या तारखेचं विक्रीखत 'शोधून' काढतो, त्यावरून एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर नाव चढवतो आणि तिसऱ्याला विकतो. अशी प्रकरणं इतकी झाली की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं, आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही.

आता शब्दाचा प्रश्न. इथे गंडवलं कोणाला? मालकाला तर कोणी काही बोललंच नाही, त्याने स्वतःच्या हाताने काही दिलंच नाही. गंडला तो विकत घेणारा, ज्याने पैसे मोजले. मालकाची जमीन हडपली गेली. म्हणून पेपरवाले याला 'जमीन हडप' म्हणतात ते बरोबर आहे, आणि मालकाच्या अर्जात 'माझी फसवणूक केली' एवढंच लिहिलं तर ते लंगडं पडतं. 'बनावट विक्रीखत करून माझी जमीन परस्पर विकली' लिहा. सर्व्हे नंबर, गाव, उताऱ्यावर नाव कधी बदललं ते लिहा.

विकत घेणाऱ्यांसाठी एक: गोव्यात लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सर्वसाधारणपणे दोघांची असते, त्यामुळे जमिनीच्या विक्रीला दोघांची संमती लागते. "बायको मुंबईला आहे, ती सही नंतर करेल" असं कोणी म्हणालं तर पैसेही नंतरच द्या.

ऑनलाइन गंडवलं तर आधी अर्ज लिहू की फोन करू?

फोन. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, नंबर १९३०. लगेच, त्याच तासात. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तर येतात. अर्ज संध्याकाळीही लिहिता येतो. गोव्याचं सायबर पोलीस स्टेशन रायबंदरला आहे. मेसेज, स्क्रीनशॉट, व्यवहाराचा क्रमांक पुसू नका, लाज वाटली तरी.

गोव्यात पोलिसांना मराठीत तक्रार देता येते का?

येते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा आणि मराठीलाही शासकीय कामात जागा आहे. तोंडी सांगितलेली तक्रारही पोलिसांनी लिहून घ्यायची असते आणि तुम्हाला वाचून दाखवायची असते. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला आहे म्हणून परत पाठवता येत नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने, हे कलम १७३ मध्ये स्पष्ट केलं आहे. इंग्रजीत लिहिलं की वजन पडतं, असं काही जण मानतात. मी म्हणतो, ज्या भाषेत तुम्हाला खोटं सांगितलं गेलं त्या भाषेत ते वाक्य जसंच्या तसं लिहा, उरलेलं कोणत्याही भाषेत.

मग अर्जात 'गंडवलं' लिहायचं की नाही?

एकदाही नाही. 'फसवणूक'ही शेवटीच. आधी घटना.

लोक असं लिहून आणतात: "सदर इसमाने गोड गोड बोलून, भूलथापा मारून, माझ्या भोळ्या स्वभावाचा गैरफायदा घेऊन मला पूर्णपणे गंडवले असून माझा विश्वासघात केला आहे." यात तक्रार ऐकू येते, घटना कुठेच नाही.

मी ते असं करतो: "अमुक तारखेला त्यांनी माझ्या घरी येऊन सांगितले की पेडण्यात त्यांच्या मालकीचा प्लॉट आहे आणि तो मला विकतील. त्यांनी मला उताऱ्याची प्रत दाखवली. ती खरी समजून मी त्याच दिवशी त्यांच्या बँक खात्यात तीन लाख रुपये भरले. नंतर तलाठी कार्यालयात चौकशी करता तो प्लॉट त्यांच्या नावावर नसल्याचे कळले. प्लॉट त्यांचा नाही हे त्यांना आधीपासून माहीत होते." काय सांगितलं, कशावर विश्वास ठेवला, काय दिलं, खरं काय निघालं, आणि त्याला ते आधीच ठाऊक होतं. शेवटचं वाक्य नसेल तर ही उधारी-बुडवीची गोष्ट होते, असेल तर फसवणुकीची.

अर्जाच्या शेवटी "कठोरातली कठोर शिक्षा व्हावी" लिहू ना?

लिहायचं तर लिहा, हौस असेल तर. शिक्षा न्यायालय ठरवतं, ठाणेदार नव्हे. त्यापेक्षा "गुन्हा नोंदवून तपास करावा आणि अमुक खात्यातली रक्कम गोठवावी" हे मागा, खात्याचा नंबर नीट तपासून. नोंदलेल्या गुन्ह्याची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. ती घेतल्याशिवाय स्टेशनातून उठू नका.